हिलरीने आता थांबावं का? आणि 'एकी दाखवा' हे नक्की कोण कोणाला सांगतंय?

चिंचगुळ | ८ मे २००८

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज राहवेना म्हणून धागा काढतेय. अमेरिकेच्या निवडणुकीवर एक धागा आधीच चालू आहे पण तिथे ओबामा आणि रिपब्लिकन मॅकेनची मारामारी सुरूसुद्धा झालीय, डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारीसाठी ओबामाविरुद्ध आमची बाई, हिलरी क्लिंटन, अजून मैदानात उभी आहे हे कोणाच्या गावीच नाही.

तर मंगळवारी प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायचं राज्याराज्यातलं मतदान) नॉर्थ कॅरोलायना ओबामाने दणक्यात घेतलं, इंडियाना हिलरीने जेमतेम राखलं. रात्री टीव्हीवर पत्रकार टिम रसर्टने सांगूनच टाकलं की उमेदवार कोण ते आता कळलंय. आणि काल सकाळपासून ऑफिसात, फोनवर, मुलीच्या भरतनाट्यमच्या क्लासबाहेर थांबलेल्या आयांमध्ये, जिथे जाल तिथे एकच पालुपद, आता तिने थांबावं, पक्षाची एकी महत्त्वाची, उगाच ताणतेय, मॅकेनचा फायदा होतोय. मॅकेन मार्चमध्येच उमेदवार ठरला आणि हे दोघं अजून भांडतायत हे खरंय, पण म्हणून?

मी गेल्या वर्षी सिटिझन झाले. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला राहतो आम्ही. २२ एप्रिलला आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत दिलं, चर्चच्या हॉलमध्ये पाऊण तास रांगेत उभं राहून, आणि ते हिलरीला दिलं. कारण सांगते. तिच्या हेल्थकेअरच्या प्लॅनमध्ये सगळ्यांना विमा घ्यावाच लागणार आहे, ओबामाच्यात सक्ती फक्त मुलांपुरती. एका विमा कंपनीने माझं 'जुनं दुखणं' म्हणून ऑपरेशनचं बिल माझ्या गळ्यात मारलं होतं, तेव्हापासून हा विषय माझ्यासाठी भाषणाचा राहिलेला नाही.

नवरा ओबामावाला. आधी कुठल्याच पक्षात नव्हता, पण पेनसिल्व्हेनियात पक्षात नाव असल्याशिवाय प्रायमरीत मत देता येत नाही म्हणून २४ मार्चच्या मुदतीत फॉर्म भरून डेमोक्रॅट झाला, खास ओबामासाठी. त्याचं एकच म्हणणं, २००२ साली हिने इराक युद्धाच्या बाजूने मत दिलं आणि तेव्हा ओबामा विरोधात बोलला होता. म्हणजे आमच्या घरातच प्रायमरी. डायनिंग टेबल म्हणजे आयोवा झालंय.

तर प्रश्न असा की वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, ओरेगन, प्वेर्तो रिको, माँटाना, साऊथ डकोटा एवढ्यांनी अजून मत दिलेलंच नाही, मग त्यांच्या आधीच तिने गाशा गुंडाळायचा आणि त्याला एकी म्हणायचं? नोव्हेंबरात मी डेमोक्रॅटलाच मत देणार आहे हो. फक्त मे महिन्यातच मला गप्प बसायला सांगू नका.

गणित_मास्तर | ८ मे २००८

चिंचगुळ, भावना पोचल्या पण आकडे बघा. निवडून आलेल्या डेलिगेट्समध्ये (अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) ओबामा दीडशेच्या वर पुढे आहे. तुम्ही म्हणता त्या सहा ठिकाणी मिळून उरलेत २१७. म्हणजे बरोबरी करायची तर तिला दहातले जवळजवळ नऊ डेलिगेट जिंकावे लागतील. जे होणे नाही.

आणि हे आजचं नाही. इथे डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जातात, 'जो जिता सब उसका' असलं काही डेमोक्रॅटांमध्ये नाही. पेनसिल्व्हेनिया तिने नऊ टक्क्यांनी जिंकलं, केवढा जल्लोष, मिळालं काय तर ८५ विरुद्ध ७३, बारा डेलिगेटची कमाई. सुपर ट्यूसडेला, म्हणजे बऱ्याच राज्यांनी एकाच दिवशी मत दिलं तेव्हा, न्यू जर्सीत तिला ५९, त्याला ४८. अकराची आघाडी. त्याच रात्री आयडाहोसारख्या बटाट्याच्या राज्यात कॉकसमध्ये (सभा भरवून मत देतात ती) ओबामाने १८ पैकी १५ उचलले. म्हणजे बाराची आघाडी! अख्खं न्यू जर्सी आयडाहोने धुऊन काढलं. तिच्या लोकांनी कॉकसवाल्या राज्यांकडे बघितलंच नाही, निवडणूक तिथे गेली.

एडिसनचा_काका | ८ मे २००८

मास्तर, आमच्या न्यू जर्सीला बटाट्याशी तोललंत, बघून घेतो.

इथल्या आपल्या देशी लोकांच्या ओक ट्री रोडवर उभं राहून विचारा, दहातले सात हिलरी म्हणतील. बिल क्लिंटन भारतात जाऊन आला तेव्हापासूनचा जिव्हाळा आहे. आणि गेल्या वर्षी ओबामाच्या माणसांनी ते पत्रक काढलं होतं, हिलरीच्या नावापुढे राज्य म्हणून 'पंजाब' लिहिलेलं, ते विसरलो नाही अजून. का तर म्हणे तिचं आपल्या लोकांशी फार सख्य, नोकऱ्या बाहेर पाठवणाऱ्यांशी संबंध. त्याने नंतर चूक झाली म्हटलं, मान्य. पण लागायचं ते लागलंच ना.

एकी वगैरे सब झूट. आपल्याकडे १९९५ ला काय झालं? तिकीट नाही मिळालं की हे उठून अपक्ष उभे. ४५ अपक्ष निवडून आले विधानसभेत, बरेचसे काँग्रेसच्याच घरचे रुसलेले, आणि त्यांच्याच टेकूवर युतीचं सरकार बसलं. तुमची बाई निदान पक्षातच भांडतेय.

मुलुंडकर | ९ मे २००८

एक अडाणी प्रश्न. आपल्याकडे तिकीट हायकमांड देतं, विषय संपला. तिकडे लोक मत देतात ना, मग हे सुपरडेलिगेट कोण? आणि मिशिगन फ्लोरिडाचं काय झंगट आहे?

गणित_मास्तर | ९ मे २००८

सुपरडेलिगेट म्हणजे तुमचं हायकमांडच, फक्त आठशेच्या आसपास तोंडं असलेलं. खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी. त्यांनी कोणाला मत द्यायचं ते त्यांचं ते ठरवतात, त्यांच्या राज्याने कोणालाही निवडलेलं असो. उमेदवारीला लागणारा २०२५ डेलिगेटांचा आकडा दोघांनाही त्यांच्याशिवाय गाठता येत नाहीये म्हणून सगळे त्यांच्या पायऱ्या झिजवतायत.

मिशिगन आणि फ्लोरिडाने पक्षाचा नियम मोडून ५ फेब्रुवारीच्या आधीच मतदान उरकलं, पक्षाने शिक्षा म्हणून त्यांचे सगळे डेलिगेट रद्द केले. मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामाचं नावच नव्हतं, त्याने काढून घेतलेलं. हिलरीने ठेवलं. आता ती म्हणतेय ती मतं मोजा.

डाळिंबी | ९ मे २००८

चिंचगुळताई, राग मानू नका पण एक विचारते. यूएसए टुडेमधली तिची मुलाखत वाचलीत का? कष्टकरी अमेरिकन, गोरे अमेरिकन कसे तिच्यामागे आहेत, ओबामाचा पाठिंबा कसा कमी होतोय. गोरे अमेरिकन! असं सरळ म्हणाली. मी शाळेत शिकवते, माझ्या वर्गातली अर्धी मुलं काळी आहेत, त्यांचे आईबाप दिवसाला दोन नोकऱ्या करतात, ते कष्टकरी नाहीत का? आणि आपण कुठे बसतो ताई त्या वाक्यात? तुम्ही नि मी?

शेवटपर्यंत लढायला कोणाची ना नाही हो. पण लढताना घराची भिंतच खणून काढली तर नोव्हेंबरात राहायचं कुठे. एकी म्हणतात ती एवढ्यासाठीच.

चिंचगुळ | १० मे २००८

डाळिंबी, वाचली. दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं काहीतरी अर्धवट उचललंय, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा नाही वाटलं. बचाव करणार नाही. नवऱ्याने पेपर टेबलावर उघडाच ठेवला होता त्या पानावर, बोलला मात्र काही नाही, हे त्याचं नेहमीचं.

पण मग हेही ऐक. एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या श्रीमंतांपुढे ओबामा आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या गावांबद्दल काय बोलला, की कडवट झालेत म्हणून बंदुका आणि देवधर्माला चिकटतात. माझ्या ऑफिसातली एक बाई तशाच गावातली, गिरणी बंद पडलेलं गाव, ती म्हणाली देवाला मी गिरणी चालू होती तेव्हाही मानत होते. त्याच्या थोडं आधी हा आमच्या इथल्या आल्टूनात जाऊन बोलिंग खेळला आणि ३७ पॉइंट काढले. ३७! माझी दहा वर्षांची मुलगी जास्त काढते. ही तिकडे इंडियानात व्हिस्कीचा शॉट मारते. दोघंही आपल्याला काय समजतात कोण जाणे.

सांगायचं हे की दुखावणारं दोन्हीकडून बोललं गेलंय पण 'आवरतं घ्या' फक्त आम्हालाच सांगतायत.

ओहायोकर | १० मे २००८

आम्ही ४ मार्चला हिलरीला जिंकवलं. हिलरीची ती रात्री तीन वाजता फोन वाजतो ती जाहिरात बघून बघून माझा मुलगा खरंच घाबरून उठायला लागला होता.

रच्याकने इथले माझे दोन रिपब्लिकन सहकारी त्या दिवशी हिलरीला मत देऊन आले. त्यांच्याच बाजूच्या रेडिओवाल्या रश लिंबॉने सांगितलं म्हणून, डेमोक्रॅटांचं भांडण जितकं लांबेल तितकं बरं. कॅंटीनमध्ये हसत हसत सांगत होते. म्हणजे आपण इथे एकीवर चर्चा करतोय आणि आपल्या मतपेटीत तिसऱ्याचाच हात.

चिंचगुळ | १ जून २००८

काल सुट्टी म्हणून सकाळपासून सी-स्पॅन लावून बसले होते. वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात पक्षाच्या नियम समितीची बैठक, विषय मिशिगन आणि फ्लोरिडा. आपल्या सोसायटीची एजीएम बघितलीय ना, तशीच, फक्त टाय घातलेली. मधूनच मागून लोक ओरडतायत, एक काका उठून भाषण करतायत, अध्यक्ष हातोडा आपटतायत.

निकाल असा, दोन्ही राज्यांचे डेलिगेट बसणार पण प्रत्येकाला अर्धं मत. आणि मिशिगनचे वाटून टाकले ६९ तिला, ५९ त्याला. ज्याचं नावच मतपत्रिकेवर नव्हतं त्याला ५९! हिलरीचे लोक 'डेनव्हर, डेनव्हर' ओरडत होते, म्हणजे थेट डेनव्हरच्या पक्ष अधिवेशनापर्यंत भांडू.

नवरा म्हणाला नियम आधी ठरला होता, तेव्हा तुझ्या बाईच्याही लोकांनी त्याला होकार दिलेला. ते खरं आहे. मला ते माहीत होतं आणि तरी मी दुपारभर चिडलेली होते. अर्धं मत हा प्रकारच मला सहन होईना. रांगेत उभं राहताना मी अर्धी उभी नव्हते. फ्लोरिडातली कोणी माझ्यासारखी नवी सिटिझन असेल, तिने पहिलं मत दिलं आणि ते अर्धं मोजलं, का तर तारीख तिच्या पुढाऱ्यांनी चुकीची ठरवली.

बिनधास्त_बाळ्या | ४ जून २००८

संपलं!! ओबामा २११८ पार (मिशिगन-फ्लोरिडा धरून नवा आकडा)!!! पेढे वाटा!

डाळिंबी | ४ जून २००८

बाळ्या जरा दमाने घे. धागा कोणाचा आहे बघ.

(पण हो, मी रडले काल. चाळीस वर्षांपूर्वी डॉ. किंग गेले त्या देशात हे होतंय.)

चिंचगुळ | ८ जून २००८

काल हिलरीचं माघारीचं भाषण बघितलं, तुम्ही बघितलं असेलच. काचेच्या छताला १ कोटी ८० लाख भेगा पडल्या म्हणाली. त्यातली एक माझी. मुलगी शेजारी बसून कॉर्नफ्लेक्स खात होती, म्हणाली आई मग छत फुटलं का? नाही म्हटलं. मग भेगा कशाला मोजते ती? याला काय उत्तर द्यायचं.

आणि ज्यांच्यावर मी महिनाभर इथे चिडचिड करतेय त्यांना सांगते, काल तिने पाठिंबा जाहीर केला तेव्हा हॉलमधल्या थोड्या लोकांनी हुर्यो केली, आणि मीही घरात मनातल्या मनात केली. कळतंय सगळं. सुप्रीम कोर्टात जस्टिस स्टीव्हन्स ८८ वर्षांचे आहेत, मॅकेन आला तर त्या जागी कोण बसेल हे कळतंय. इराकही कळतंय. पण डोक्याला कळणं आणि हात पुढे होणं यात काही दिवस जातात हो. सासरच्या माणसांशी भांडण मिटल्यावरही पहिला चहा एकत्र पिताना कसं होतं, तसं.

त्यात एक प्युमा नावाचा ग्रुप निघालाय, 'पार्टी युनिटी माय' आणि पुढचा शब्द इथे अॅडमिन उडवतील. ओबामाला मत देणारच नाही म्हणणारे. त्यांची साइट रात्री साडेबारापर्यंत वाचत बसले. काही पोस्टी अगदी माझ्याच मनातल्या. खाली स्क्रोल केलं तर ओबामाच्या 'हुसेन' या मधल्या नावावरून घाणेरडं लिहिलेलं होतं, पगडी, टोपी, काय काय. लॅपटॉप बंद केला. आम्हालाही इथे नावावरून थांबवतात एअरपोर्टला.

गणित_मास्तर | ८ जून २००८

ताई, चहा हळूहळू प्या. आकडे वगैरे मी आज काही बोलत नाही.

एडिसनचा_काका | २८ जून २००८

काल हिलरी-ओबामा दोघं एका स्टेजवर. गाव कुठलं, तर न्यू हॅम्पशायरमधलं युनिटी! नावच एकी. आणि प्रायमरीत तिथे दोघांनाही बरोब्बर १०७ मतं पडलेली. १०७-१०७. आपल्याकडचा इव्हेंट मॅनेजर एवढं शोधून काढेल का सांगा. टायचा रंगसुद्धा तिच्या सुटाशी जुळवलेला म्हणे, आमची सौ. म्हणाली, मला कुठे कळतंय.

चिंचगुळ | २८ जून २००८

काका, मी टायकडे नाही बघितलं, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. हसणं जरा जास्त वेळ टिकवून धरलेलं होतं.

चिंचगुळ | २८ ऑगस्ट २००८

धागा वर काढतेय. काल डेनव्हरला रोल कॉल. एकेक राज्य आपापली मतं सांगत होतं, तिच्या नावावर मतं पडत होती, मोठ्याने मोजली जात होती. मग न्यू मेक्सिकोने आपली पाळी इलिनॉयला दिली, इलिनॉयने न्यू यॉर्कला, आणि ती स्वतः गर्दीतून पुढे येऊन म्हणाली की मतमोजणी थांबवून ओबामाला एकमताने उमेदवार करा.

मला वाटलं होतं वाईट वाटेल. नाही वाटलं. मे महिन्यात कोणी तिला ढकलून काढलं असतं तर वाटलं असतं. आता तिने स्वतः केलं, तिची मतं सगळ्यांसमोर मोजायला सुरुवात झाल्यावर केलं. रात्री नवऱ्याला म्हटलं तुझ्या त्या ऑफिसातून बागेत लावायची पाटी आण. तो म्हणाला दोन महिने झाले, गराजमध्ये ठेवलीय.

ओहायोकर | ३० ऑगस्ट २००८

काल मॅकेनने आमच्या डेटनमध्ये येऊन सेरा पेलिनला उपाध्यक्षपदासाठी उभं केलं. हिलरीच्या बायका आपल्याकडे येतील हा हिशेब. चिंचगुळ, येताय का?

चिंचगुळ | ३० ऑगस्ट २००८

बाई आहे म्हणून? मी हिलरीला विम्यासाठी मत दिलं होतं, साडीसाठी नाही.

एडिसनचा_काका | २ डिसेंबर २००८

घ्या. ओबामाने काल हिलरीला परराष्ट्र मंत्री जाहीर केलं. मंत्रिपद दिलं की रुसवा संपतो, हे अगदी आपल्या मातीतलं.

चिंचगुळ | २७ जुलै २०१६

आठ वर्षांनी हा धागा शोधून काढला, कोणी ओळखीचं आहे का अजून?

कॉर्नफ्लेक्स खाणारी ती मुलगी आता अठराची झाली. एप्रिलमध्ये तिने पहिलं मत दिलं, त्याच चर्चच्या हॉलमध्ये, हिलरीविरुद्ध उभ्या असलेल्या बर्नी सँडर्सला. मी हिलरीला. नवरा यंदा माझ्या बाजूने आणि त्याला त्याचाच त्रास होतोय.

आणि अधिवेशन कुठे, तर आमच्या फिलाडेल्फियात. सोमवारपासून लेक रोज ट्रेनने जातेय, एफडीआर पार्कमध्ये बाकीच्या पोरांबरोबर बोर्ड घेऊन. घामाने भिजून, लाल होऊन घरी येते. विकिलीक्सचे ते ईमेल बाहेर आले, पक्षाच्या ऑफिसातले लोक बर्नीबद्दल काय लिहीत होते ते, अध्यक्षबाईंना राजीनामा द्यावा लागला. त्या रात्री ती जेवली नाही. मी म्हटलं, अगं झालं ते झालं, पण समोर ट्रम्प आहे, सुप्रीम कोर्टाची जागा रिकामी आहे, आता एकी महत्त्वाची.

म्हणाले मी. हेच शब्द. तोंडातून गेल्यावर कळलं.

ती म्हणाली, आई, हे तू आत्ता हवंय म्हणून म्हणतेयस, तुझी जिंकली म्हणून. सोमवारी स्टेजवरून विनोदी नटी सेरा सिल्व्हरमन बर्नीवाल्यांना म्हणाली की तुम्ही हास्यास्पद वागताय. मी सोफ्यावर हसले, आणि मग मुलीकडे बघितलं. मग वर येऊन हा धागा शोधला आणि माझं ८ मे चं पोस्ट वाचलं.

काल बर्नीने स्वतः उठून हिलरीला एकमताने उमेदवार करा म्हटलं, जसं तिने डेनव्हरला केलं होतं. त्याचे बरेच लोक उठून बाहेर निघून गेले.

गणित_मास्तर | २७ जुलै २०१६

आहे मी. ताई, या वेळी मात्र फरक मोठा आहे. हिलरी ३५० च्या वर निवडलेल्या डेलिगेटांनी आणि ३५ लाखांच्या वर मतांनी पुढे. २००८ ला मतं जवळजवळ समान होती. लेकीला हे दाखवा.

चिंचगुळ | २७ जुलै २०१६

मास्तर, आकडे तिला पाठ आहेत. तुम्हालाच शिकवेल.

डाळिंबी | २७ जुलै २०१६

ताई मला तेव्हा तुम्हाला 'भिंत' वगैरे बोलले ते आठवतंय. बरोबरच बोलले होते असं अजून वाटतं, पण ८ मे ला आणि १० मे ला नको होतं बोलायला. जूनमध्ये बोलायला हवं होतं.

ओहायोकर | २७ जुलै २०१६

मग नोव्हेंबरात लेक कोणाला? आमच्या इथे गल्लीगल्लीत ट्रम्पच्या पाट्या लागल्यात, खरंच विचारतोय.

चिंचगुळ | २८ जुलै २०१६

विचारलेलं नाही. आज शेवटचा दिवस, रात्री हिलरीचं भाषण आहे. ती पुन्हा पार्कातच निघालीय. ऊन फार आहे म्हणून कोकम सरबताच्या दोन बाटल्या दिल्यात, एक तिला आणि एक बोर्ड धरणाऱ्या मैत्रिणीला.